एन्क्रिप्ट केलेली डिस्क अचानक रीड-ओन्ली झाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादर ते पार्ले या पट्ट्यातल्या काही छोट्या ऑफिसांची, एका दवाखान्याची आणि एका ग्रंथालयाच्या स्कॅनिंग खोलीची लिनक्स मशिनं मी सांभाळते. जवळपास सगळीकडे डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या आहेत आणि त्याला कारण आहे. लोकलच्या रॅकवर ठेवलेली बॅग उतरताना विसरली, तर लॅपटॉपचे पैसे जातात तेवढेच जावेत. अशिलांचे पॅन नंबर आणि पेशंटचे रिपोर्ट जाऊ नयेत. पण वर्षातून चार-पाच वेळा तरी घाबरलेल्या आवाजात फोन येतो, "अहो, डिस्कवर काहीच सेव्ह होत नाहीये!" त्या फोनवर जे विचारलं जातं तेच इथे आहे.

कमांडची नावं उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतच, छोट्या अक्षरांत टाइप करायची.

काम चालू असताना मध्येच "रीड-ओन्ली फाइल सिस्टिम" असा मेसेज आला. डेटा गेला का?

बहुतेक वेळा नाही. हा मेसेज म्हणजे कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) स्वतःहून घेतलेली खबरदारी असते. लिहिताना त्याला काहीतरी विसंगत दिसलं. कदाचित डिस्कने लिहायला नकार दिला, किंवा फाइलसिस्टिमच्या (कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याचा हिशोब ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) नोंदी एकमेकींशी जुळेनात. अशा वेळी आणखी लिहीत राहिलं तर चांगल्या नोंदींवरही चुकीच्या नोंदी चढू शकतात, म्हणून तो लिहिणं बंद करतो आणि वाचणं चालू ठेवतो. आधी लिहून झालेलं सहसा जागेवर असतं. धोका असतो तो शेवटच्या काही सेकंदांत सेव्ह केलेल्या फाइलींना, कारण त्या मेमरीतून डिस्कपर्यंत पोचलेल्या नसतात.

मग सगळ्यात आधी काय करू?

मशिन रीस्टार्ट करू नका. फोनवर मी हेच पहिलं वाक्य बोलते, आणि निम्म्या वेळा समोरून उत्तर येतं, "ताई, ते करून झालं." रीस्टार्ट केल्यावर दोन गोष्टी हातच्या जातात. एक म्हणजे, कर्नलने नेमकी काय तक्रार केली होती ती मेमरीतून पुसली जाते. रूट डिस्कच (जिच्यावर लिनक्स स्वतः असतं ती) रीड-ओन्ली झाली असेल, तर त्या क्षणानंतरचा लॉग डिस्कवर लिहिलाच गेलेला नसतो. तो फक्त मेमरीत असतो. दुसरं म्हणजे, डिस्क मरणाच्या दारात असेल तर ती पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. आत्ता ती वाचता येतेय, हीच मोठी गोष्ट आहे.

तेव्हा क्रम असा. जे ॲप उघडं आहे त्यातलं काम "सेव्ह ॲज" करून दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर टाका. मग डीमेसेज ही कमांड चालवून (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) तिचं आउटपुट पेनड्राइव्हवर घ्या. तेही जमत नसेल तर मोबाइलने स्क्रीनचे फोटो काढा. मला आलेली निम्मी निदानं व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवरून झाली आहेत. त्यानंतर ज्या फाइलींचा बॅकअप नाही त्या आधी कॉपी करा, ज्यांचा आहे त्या नंतर. दुरुस्तीचा विचार हे सगळं झाल्यावर.

एन्क्रिप्शन बिघडलं असेल का? पासवर्ड चालेनासा होईल का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट करायची नेहमीची पद्धत म्हणजे लक्स. तिची रचना चाळीच्या मजल्यांसारखी आहे. तळाला खरीखुरी डिस्क, तिच्यावर पार्टिशन. पार्टिशनच्या सुरुवातीला लक्सचा हेडर असतो, त्यात किल्ली ठेवलेली असते आणि ती किल्ली तुमच्या पासवर्डने कुलूपबंद असते. पासवर्ड दिला की कर्नलचा डीएम-क्रिप्ट हा भाग वर एक आभासी डिस्क उभी करतो. तिला मॅपिंग म्हणतात आणि ती डेव्हच्या आत मॅपर नावाच्या फोल्डरमध्ये दिसते. त्या आभासी डिस्कवर सगळ्यात वरच्या मजल्यावर तुमची फाइलसिस्टिम राहते, बहुतेकांकडे एक्स्ट-फोर.

रीड-ओन्ली होण्याचा निर्णय या वरच्या मजल्यावर होतो. डीएम-क्रिप्ट मधल्या मजल्यावर फक्त भाषांतर करत बसलेला असतो. वरून आलेला सेक्टर (डिस्कवरचा छोटा, ठराविक आकाराचा तुकडा) एन्क्रिप्ट करून खाली द्यायचा, खालून आलेला उलगडून वर द्यायचा, एवढंच त्याचं काम. खालून "लिहिता आलं नाही" असं उत्तर आलं तर तो ते जसंच्या तसं वर पोचवतो. त्यामुळे लॉगमध्ये डीएम-झिरो असं नाव वारंवार दिसतं आणि लोक एन्क्रिप्शनवर आळ घेतात. दोष बहुतेक वेळा त्याच्या खालच्या मजल्यांवर असतो: डिस्क, केबल, यूएसबीचा डबा, विजेचा पुरवठा.

दुसरी भीती अशी की एन्क्रिप्टेड डिस्कवर एक बिट बिघडला की सगळंच गेलं. तसं नाही. लक्समध्ये साधारणपणे वापरल्या जाणाऱ्या एईएस-एक्सटीएस पद्धतीत साठवलेला एक बिट उलटला, तर उलगडल्यावर त्या जागेचे १६ बाइट खराब होतात. शेजारचा मजकूर शाबूत राहतो. न वाचता येणारा सेक्टर असेल तर तेवढाच सेक्टर जातो. अपवाद एकच, हेडर. किल्ल्या असलेला भाग बिघडला तर पासवर्ड अचूक पाठ असूनही काही उपयोग नाही. त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे, तो कृपया वगळू नका.

आणि पासवर्डचं म्हणाल, तर तुमचं मॅपिंग उघडलेलं आहे याचाच अर्थ पासवर्ड आणि किल्ली दोन्ही बरोबर होते.

लॉगमध्ये नेमकं काय शोधायचं?

"रीमाउंटिंग फाइलसिस्टिम रीड-ओन्ली" ही ओळ शोधा, आणि मग तिच्या वर वाचत जा. ती ओळ शेवट आहे, कारण नव्हे. तिच्या आधी बहुधा "ॲबॉर्टिंग जर्नल ऑन डिव्हाइस डीएम-०-८" असं असतं. जर्नल म्हणजे फाइलसिस्टिमची बदल आधी टिपून ठेवायची वही. शेवटचा ८ पाहून गोंधळू नका. एक्स्ट-फोरचं जर्नल आठव्या आयनोडमध्ये (फाइलच्या नोंदीच्या क्रमांकित कप्प्यात) राहतं, म्हणून तो आकडा.

त्याच्याही वर काय आहे यावर सगळं ठरतं. "यूएसबी डिस्कनेक्ट" किंवा "रीसेट" दिसलं तर केबल किंवा वीज. एसडीए, एसडीबी अशा खऱ्या डिस्कच्या नावाने "आय-ओ एरर" किंवा "मीडियम एरर" दिसलं तर डिस्क स्वतः. खालच्या डिस्कची काहीच तक्रार नाही आणि थेट "एक्स्ट-फोर एफएस एरर" सुरू होतं, तर फाइलसिस्टिममध्ये आधीचीच जुनी इजा आहे. ती मागच्या कधीतरी अचानक बंद झालेल्या मशिनची असू शकते, क्वचित खराब रॅमचीही.

डीमेसेजला मोठा टी पर्याय दिला की वेळ घड्याळाप्रमाणे दिसते. पण लॅपटॉप मध्ये झोपवला असेल तर ती वेळ चुकते, तिच्यावरून पंख्याला किंवा वायरमनला दोषी ठरवू नका.

लॉग हाताशी नसेल आणि फाइलसिस्टिम एक्स्ट-फोर असेल, तर ट्यून-टू-एफएस छोट्या एल पर्यायासह मॅपिंगवर चालवा. पहिली चूक कधी नोंदली गेली, शेवटची कधी, एकूण किती, हे सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे फाइलसिस्टिमच्या मुख्य नोंदीत, साठवलेलं असतं. कितीदा तरी असं दिसतं की आज समोर आलेली चूक खरं तर दोन महिने आत होती.

रीमाउंट करून (म्हणजे फाइलसिस्टिम नव्याने जोडून) पुन्हा रीड-राइट केली तर?

इंटरनेटवर पहिलं उत्तर हेच सापडतं, आणि मला ते पटत नाही. जर्नल बंद पडलं असेल तर एक्स्ट-फोर तुम्हाला तसं करूच देत नाही. माउंट कमांड "राइट-प्रोटेक्टेड" म्हणून परत पाठवते. त्यात कर्नलचा हट्टीपणा नाही. जर्नलशिवाय लिहिणं म्हणजे रोजमेळ न ठेवता गल्ल्यातून पैसे काढत राहणं. एखाद्या वेळी रीमाउंट झालंच, तरी ज्या कारणाने लिहिणं थांबलं ते कारण तिथेच आहे. आधी कारण शोधा.

काही जण फाइलसिस्टिमची "एरर्स" सेटिंग बदलून "कंटिन्यू" करतात, म्हणजे चूक दिसली तरी काम चालू. कृपया करू नका. डेबियनचा इन्स्टॉलर रूटसाठी "रीमाउंट-आरओ" (चूक दिसली की रीड-ओन्ली करा) लिहितो ते विचार करूनच. आणि जर्नल तुटलं की "कंटिन्यू" असतानाही फाइलसिस्टिम रीड-ओन्ली होतेच.

डिस्क नवी आहे, तरी आठवड्यातून दोनदा असं होतं. का?

माझ्या अनुभवात इथेच सगळ्यात जास्त प्रकरणं सापडतात: केबल, हब आणि वीज.

ग्रंथालयातल्या स्कॅनिंग खोलीत एक एक्स्टर्नल डिस्क होती. सकाळी ठीक, दुपारी रीड-ओन्ली. डिस्क बदलली, तरी तेच. मी लॉग घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक "यूएसबी डिस्कनेक्ट"च्या आधी एक-दोन सेकंद स्कॅनर जागा झालेला आहे. डिस्क आणि स्कॅनर दोन्ही एकाच हबवर होते आणि त्या हबला स्वतःचा अडॅप्टर नव्हता. स्कॅनरचा दिवा लागला की डिस्कला वीज कमी पडायची, ती क्षणभर गायब व्हायची आणि परत यायची. सकाळी फक्त कॅटलॉगिंग चालायचं म्हणून सकाळी काही होत नसे. डिस्क थेट मशिनला जोडली, प्रश्न मिटला. त्याआधी तीन आठवडे त्या खोलीतल्या बाईंनी हाताने वहीत नोंदी ठेवल्या होत्या, कुठली पानं सेव्ह झाली आणि कुठली नाही. त्या वहीमुळेच एकही पान हरवलं नाही.

हिशोब सोपा आहे. यूएसबी २ चं पोर्ट मानकाप्रमाणे ५०० मिलिॲम्पिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. फिरणारी अडीच इंची डिस्क सुरू होताना याच्या काठावर असते. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर तर चारही यूएसबी पोर्ट मिळून साधारण १.२ ॲम्पिअर मिळतात, त्यामुळे त्यावर दोन डिस्क लावून घरचा सर्व्हर करणाऱ्यांनी स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावाच.

मोठ्या साडेतीन इंची डिस्कची गोष्ट वेगळी. तिला स्वतःचा अडॅप्टर असतो, आणि तो भिंतीतल्या विजेवर चालतो. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ग्रिड बंद पडून मुंबईची वीज गेली, तेव्हा घरून काम करणाऱ्या कितीतरी जणांचं नेमकं हेच झालं असणार. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, कर्नल जागा असतो, पण डिस्क पायाखालून निघून जाते. अख्खा डेस्कटॉप एकदम बंद पडला तर परत सुरू होताना जर्नल वाचून फाइलसिस्टिम सहसा सावरते. लॅपटॉप चालू आणि डिस्क बंद, ही जोडी जास्त त्रास देते, कारण कर्नल नसलेल्या डिस्कवर लिहायचा प्रयत्न करत राहतो. तेव्हा यूपीएस घ्यायचा तर आधी डिस्कच्या अडॅप्टरसाठी घ्या, लॅपटॉपला त्याची कमी गरज आहे.

आणि आपल्याकडचा पावसाळा. गिरगाव, वरळी, दादर चौपाटीच्या बाजूला खारी, दमट हवा कनेक्टरच्या पितळेला खाते. केबलच्या टोकावर हिरवट-पांढरी पूड दिसली तर ती पुसत बसू नका, केबल बदला. केबल शंभर-दोनशे रुपयांची आहे.

एक तांत्रिक कारण राहिलं. यूएसबी-साटा डब्यांतल्या काही चिप्सचं यूएएस या वेगवान ड्रायव्हरशी पटत नाही. मोठ्या फाइली लिहिताना रीसेट येत राहतात. कर्नलला यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स या पॅरामीटरमध्ये त्या डब्याचा आयडी आणि पुढे "यू" हे अक्षर दिलं की यूएएस बंद होतं. वेग थोडा उतरतो, पण डिस्क टिकून राहते.

केबल काढून परत लावली. डिस्क दिसते, पण फोल्डर उघडलं की "आय-ओ एरर". असं का?

कारण जुनं मॅपिंग अजून जुन्याच डिस्कला धरून बसलं आहे. डिस्क पहिल्यांदा एसडीबी म्हणून आली होती; तुटून परत आली ती एसडीसी म्हणून. कर्नलच्या दृष्टीने ती वेगळी वस्तू आहे. वरचं मॅपिंग मात्र गेलेल्या एसडीबीलाच हाका मारतंय.

आधी फाइलसिस्टिम अनमाउंट करा. "बिझी" म्हणाली तर फ्यूजर किंवा एलएसओएफ चालवून कुणी धरून ठेवलं आहे ते बघा. बऱ्याचदा त्याच फोल्डरमध्ये उघडं राहिलेलं टर्मिनल असतं. मग क्रिप्टसेटअप क्लोजने मॅपिंग बंद करा, आणि क्रिप्टसेटअप ओपनने पुन्हा उघडा. अनमाउंटला "लेझी" पर्याय देऊन सुटका करून घेऊ नका. वरून सगळं मोकळं झाल्यासारखं दिसतं, पण आतून फाइलसिस्टिम जिवंत असते आणि मॅपिंग "वापरात आहे" म्हणत बंद व्हायला नकार देतं. काहीच हलेना, तर तेव्हा रीस्टार्ट करा. लॉग तुम्ही आधीच घेतलेला आहे.

डिस्क कधी ना कधी नाव बदलणार हे गृहीत धरून क्रिप्टटॅब आणि एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क उघडायची आणि जोडायची हे लिहिलेल्या फाइलींमध्ये) एसडीबी वगैरे न लिहिता यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, लिहा.

एफएसके कशावर चालवायचं? पार्टिशनवर की मॅपिंगवर?

एफएसके (स्पेलिंग एफ-एस-सी-के) म्हणजे फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड. ती मॅपिंगवर. नेहमी मॅपिंगवर. पार्टिशनवर तुमची फाइलसिस्टिम नाहीच, तिथे लक्सचा हेडर आणि त्यापुढे उलगडल्याशिवाय अर्थ न लागणारा मजकूर आहे. तिथे दुरुस्तीचं हत्यार जबरदस्तीने चालवलं तर ते हेडरवर घाव घालू शकतं, आणि तो घाव भरून येत नाही.

म्हणजे फाइलसिस्टिम अनमाउंट, मॅपिंग मात्र उघडं. माउंट असलेल्या फाइलसिस्टिमवर एफएसके चालवणं हाही तितकाच मोठा अपघात आहे, ती रीड-ओन्ली झालेली असली तरी.

एक्स्ट-फोर असेल तर ई-टू-एफएसके आधी "एफ" आणि "एन" पर्यायांसह चालवा. "एन" म्हणजे काहीही न बदलता फक्त बघ. या वेळी चुकांची यादी भलतीच लांब दिसू शकते. या तपासणीत जर्नल लावलं जात नाही, त्यामुळे जे जर्नलनेच सुधारलं असतं तेही चूक म्हणून दिसतं. घाबरू नका. मग "एन" काढून खरी दुरुस्ती. सगळ्याला आपोआप "हो" म्हणणारा "वाय" पर्याय मी बॅकअप झाल्यावरच वापरते. काम संपल्यावर एक्झिट कोड बघा: ० म्हणजे चूक नव्हती, १ म्हणजे होती ती सुधारली, ४ म्हणजे काही राहिल्या. माउंट करून लॉस्ट-अँड-फाउंड फोल्डर उघडायला विसरू नका. नाव हरवलेल्या फाइली तिथे नुसत्या आकड्यांच्या नावाने पडलेल्या असतात.

लॉगमध्ये मीडियम एरर दिसले असतील तर मात्र एफएसके चालवायचंच नाही. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्ती म्हणजे तिला शेवटचे श्वास लिहिण्यात खर्च करायला लावणं. आधी तिची प्रत काढा, दुरुस्ती प्रतीवर करा.

माझ्याकडे एक्सएफएस आहे. किंवा बीटीआरएफएस.

एक्सएफएस रीड-ओन्ली होत नाही, ती पूर्ण बंद होते; वाचायला गेलं तरी "आय-ओ एरर" येतो. अनमाउंट करून परत माउंट केली की ती आपला लॉग लावून घेते. नाहीच झाली तर एक्सएफएस-रिपेअर. त्याचा मोठा एल पर्याय लॉग फेकून देतो, तो अगदी शेवटी.

बीटीआरएफएस लॉगमध्ये "फोर्स्ड रीडओन्ली" लिहिते. तिच्यावर चेक कमांडचा "रिपेअर" पर्याय स्वतःच्या अंदाजाने चालवू नका. त्याच्या मॅन्युअलमध्येच तसा इशारा आहे. डिव्हाइस स्टॅट्स बघा, जमेल तेवढं कॉपी करा. तिच्यात मेटाडेटाची जागा संपल्यामुळेही असं होतं, डिस्क अर्धी रिकामी दिसत असताना.

रूटच रीड-ओन्ली झाली. लॉगिन स्क्रीन पुन्हा पुन्हा परत येते.

डेस्कटॉपला सुरू होताना छोट्या फाइली लिहायच्या असतात, त्या लिहिता येत नाहीत म्हणून तो तुम्हाला परत बाहेर काढतो. पासवर्ड चुकलेला नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट लॉगिन करा. तिथे टॅब दाबल्यावर "तात्पुरती फाइल बनवता येत नाही" अशी कुरकुर झाली तर समजा की रूटच आहे. "रन" नावाच्या फोल्डरमध्ये लॉग लिहिता येतो. ते मेमरीत असतं. तिथून पेनड्राइव्हवर न्या.

दुरुस्तीसाठी लाइव्ह यूएसबीवरून बूट करा, क्रिप्टसेटअपने पार्टिशन उघडा, एलव्हीएम (डिस्कचे हवे तसे भाग, म्हणजे व्हॉल्यूम, पाडणारी व्यवस्था) असेल तर व्हीजी-चेंजने व्हॉल्यूम जागे करा, आणि मग ई-टू-एफएसके. डेबियन किंवा उबुंटूमध्ये मशिन इनिटरॅमएफएसच्या (मुख्य सिस्टिम सुरू होण्याआधीच्या छोट्या सिस्टिमच्या) प्रॉम्प्टवर थांबून "हाताने एफएसके चालवा" म्हणत असेल, तर तिथेच, त्याने दाखवलेल्या मॅपरच्या नावावर चालवून "एक्झिट" टाइप केलं तरी चालतं.

आत २० जीबी मोकळी दाखवतेय, तरी एन्क्रिप्टेड कंटेनर रीड-ओन्ली. हे कसं?

कंटेनर म्हणजे एखाद्या मोठ्या फाइलमध्ये बनवलेली एन्क्रिप्टेड डिस्क. ती फाइल बनवताना जागा आधी राखून ठेवली नसेल, तर ती फाइल कागदावर ५० जीबीची असते आणि प्रत्यक्षात भरत जाईल तशी वाढते. बाहेरची डिस्क भरली की वाढायला जागा उरत नाही. आतल्या फाइलसिस्टिमला बाहेरचं काहीच दिसत नाही. तिला एवढंच कळतं की आपल्या डिस्कने लिहायला नकार दिला, म्हणून ती स्वतःला बंद करून घेते. एका सीए ऑफिसात ३१ जुलैच्या दोन दिवस आधी हे झालं होतं. बाहेरच्या डिस्कवर कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ होता, तो हलवला, कंटेनरमधली फाइलसिस्टिम अनमाउंट करून तिच्यावर एफएसके केलं, आणि रिटर्न वेळेत भरले गेले.

नवा कंटेनर करताना एफ-अलोकेट वापरून पूर्ण जागा आधीच राखून ठेवा. एलव्हीएमचा थिन पूल (गरज पडेल तशी जागा देणारा साठा) भरला तरी हीच गोष्ट घडते: डीफॉल्ट सेटिंगमध्ये लिहिणं ६० सेकंद अडकून राहतं, मग चूक म्हणून परत येतं.

विंडोजची एन्क्रिप्टेड ड्राइव्ह लिनक्सवर फक्त वाचता येते.

बहुतेक वेळा विंडोजचं फास्ट स्टार्टअप. शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, आणि लिनक्स अशा एनटीएफएसवर (विंडोजच्या फाइलसिस्टिमवर) लिहायला नकार देतो. तो नकार बरोबर आहे. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, पूर्ण शटडाउन करा. बिटलॉकरची (विंडोजच्या स्वतःच्या एन्क्रिप्शनची) ड्राइव्ह क्रिप्टसेटअप २.३ पासून उघडता येते, त्यालाही हेच लागू.

एसडी कार्ड असेल तर कडेची छोटी कुलपाची पट्टी आधी बघा.

डिस्क खराब झाली आहे हे नक्की कसं कळणार?

स्मार्टसीटीएल (डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवा, यूएसबी डब्यातली डिस्क उत्तर देत नसेल तर "डी" पर्यायात "सॅट" द्या. चार आकडे बघायचे. ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे खोळंबलेले, १९८ म्हणजे सुधारता न आलेले. हे वाढत असतील तर नवी डिस्क घ्या. १९९ वाढत असेल आणि बाकीचे शून्य असतील, तर केबल.

एनव्हीएमई एसएसडीमध्ये "क्रिटिकल वॉर्निंग" हा रकाना असतो. त्यात ०८ हा बिट लागला असेल तर एसएसडीने स्वतःच स्वतःला रीड-ओन्ली केलं आहे. त्यावर लिनक्समध्ये काही उपाय नाही. वाचता येतंय तोवर सगळं उतरवून घ्या.

डेटा काढायला लॅमिंग्टन रोडला नेली, दुकानदार पासवर्ड मागतो. देऊ का?

नका देऊ, आणि गरजही नाही. भडकमकर मार्गावर किंवा कुठेही न्या, सेक्टरची प्रत काढायला पासवर्ड लागत नाही. त्यांना इतकंच सांगा: "पूर्ण पार्टिशनची सेक्टर-बाय-सेक्टर इमेज हवी आहे, फाइली नकोत." इमेज एन्क्रिप्टेडच राहते. घरी आणून तिला क्रिप्टसेटअपने उघडा, साध्या फाइलवरही ते चालतं. मग वर मॅपिंगवर एफएसके. एक अडचण प्रामाणिकपणे सांगते: फाइली उघडल्या की नाही हे दुकानदाराला तपासून दाखवता येणार नाही, त्यामुळे पैसे देण्याआधी आपला लॅपटॉप घेऊन जा आणि तिथेच स्वतः उघडून बघा.

डिस्क थोडीच बिघडलेली असेल तर हे घरीही होतं. जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा आणि मॅपफाइल द्यायला विसरू नका, म्हणजे मध्ये थांबलं तरी पुढून सुरू करता येतं. प्रत पार्टिशनची काढा, म्हणजे हेडरही सोबत येतो. डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जाऊ नये म्हणून ती माउंट करायची वेळ आली तर "आरओ"सोबत "नोलोड" द्या. नुसतं "आरओ" दिलं तरी एक्स्ट-फोर आधी जर्नल डिस्कवर लावते, हे फार थोड्यांना माहीत असतं.

हेडरचा बॅकअप म्हणजे काय? तो घेतलाच पाहिजे का?

हो. आज. हे वाचून झाल्यावर लगेच.

लक्स-२ मध्ये हेडरसाठी साधारणपणे १६ एमबी जागा असते. त्यातल्या वर्णनाच्या दोन प्रती असतात, पण किल्ल्या साठवलेल्या भागाची एकच. आणि तिथे किल्ली मुद्दाम हजारो तुकड्यांत पसरून ठेवलेली असते, जेणेकरून पुसायची म्हटली तर एखादा तुकडा गेला तरी ती पूर्ण नष्ट व्हावी. सुरक्षेसाठी ते उत्तम आहे. पण तुमचा सेक्टर आपोआप खराब झाला तरी तेच होतं. दोन टीबीच्या डिस्कवरचा एकच सेक्टर, आणि दवाखान्याच्या सगळ्या नोंदी कायमच्या बंद. मी हे एकदा समोर घडताना पाहिलं आहे. डॉक्टरांना पासवर्ड तोंडपाठ होता.

क्रिप्टसेटअपची "लक्स-हेडर-बॅकअप" ही कमांड (हिच्यात मात्र हेडरचा एच आणि बॅकअपचा बी मोठा, मध्ये डॅश नाही) एक छोटी फाइल देते. ती त्याच डिस्कवर ठेवू नका. दुसऱ्या जागी, शक्यतो दुसऱ्या घरात ठेवा. पासवर्ड बदलला की नवा बॅकअप घेऊन जुना नष्ट करा, कारण जुन्या बॅकअपमध्ये जुना पासवर्ड चालतोच.

वॉरंटीत बदलून मिळतेय, पण रीड-ओन्ली झालेली एसएसडी पुसता येत नाही. तशीच देऊ?

एन्क्रिप्ट केलेली असेल तर देता येते. साध्या डिस्कवर इथेच लोक अडकतात: लिहिता येत नाही म्हणजे पुसताही येत नाही, आणि वॉरंटी सोडून हातोडी घ्यावी लागते. तुमच्या डिस्कवर हेडर शिल्लक असला तरी त्यातली किल्ली पासवर्डशिवाय निघत नाही. म्हणून प्रश्न उरतो तो पासवर्डच्या ताकदीचा. पाच-सहा शब्दांचा, कुठेही न वापरलेला असेल तर निश्चिंतपणे द्या. मुलाचं नाव आणि जन्मवर्ष असेल तर देऊ नका; आता तो बदलून उपयोग नाही, कारण नवा पासवर्ड त्या डिस्कवर लिहिलाच जाणार नाही.